गाव बसेपर्यंत

“इमलसारखं उतरणारं माणूस मी अजून बघितलं न्हाय,” अप्पा आत काकूंना सांगत होते.

आईने दिलेली शेंगाचटणीची वाटी हातात घेऊन मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होते. दार उघडंच होतं. दोन पावलं टाकली असती तर आत गेले असते. मी वाटी उंबऱ्याशी ठेवली, खाली आले आणि आईला म्हटलं, “दिली.”

कुणी तिऱ्हाइताने ते वाक्य ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, ही विमल चालत्या एस.टी.तून उडी मारत असेल. पण अप्पांच्या घरात उतरणं म्हणजे परग्रहावर यान उतरवणं. आणि विमल येईपर्यंत त्या ग्रहावर अप्पांच्या समोर उतरणारं माणूस सबंध सोलापुरात एकच होतं. ते म्हणजे मी.

अप्पा आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. चादरींच्या कारखान्यात नक्षी काढायचं त्यांचं काम. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवत ते मोर काढत, कमळ काढत, आणि त्या कागदावरून मग मागावर चादर निघायची. जन्मभर चौकोन भरल्यामुळे रिकामी जागा दिसली की त्यांना राहवत नसे. सायकलवरून जाताना मोकळा प्लॉट दिसला की एक पाय टेकवून थांबत, डोळे बारीक करत आणि म्हणत, “हितं उतरता यील.” मागून येणारे घंटी वाजवून वाजवून दमत.

माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी रेडिओवर आली तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांना आनंद झाला होता. अप्पांना राग आला. “एवढं लांब गेली, आन् झेंडा लावून माघारी आली? कुणी ऱ्हायलं का न्हाय तितं?” त्यांच्या लेखी ती सहल होती. नुसतं जाऊन येण्यात काय मोठेपणा? राहून दाखवा!

त्या रागातून त्यांचा खेळ निघाला. चौकटीचे मोठे कागद खळीने जोडून ते एका जुन्या चादरीवर चिकटवलेले, हा ग्रह. तांबडा रंग म्हणजे खडक, करडा म्हणजे सपाट जमीन, निळे तुकडे म्हणजे गोठलेलं पाणी आणि काळे म्हणजे खड्डे. मागावरची रिकामी कांडी म्हणजे यान. माणसं म्हणजे बटणं. शर्टाची, झंपरची, जुन्या कोटाची, बिस्किटांच्या डब्यात भरलेली. दोघांनी आपापलं यान उतरवायचं. मग आळीपाळीने पाणी शोधायचं, निवारा उभा करायचा, आणि मग माणसं बसवायची.

“पृथ्वीवरच का नाही बसवायचं गाव?” माझ्या मामेबहिणीने त्यांना एकदा विचारलं.

“पृथ्वीवर कुटंबी उतर, सातबारा कुणाच्या तरी नावावर आसतोच. वर अजून तलाठी गेला न्हाय.”

“आणि ग्रहाचं नाव काय?”

“नाव दिलं की लगेच कुणीतरी कोर्टात जातं.”

याच मामेबहिणीला बघायला मुलगा आला, तेव्हा अप्पा शेजारी म्हणून येऊन बसले होते. पोहे संपल्यावर त्यांनी मुलाला विचारलं, “समजा, तुमी ग्रहावर उतरला. पयल्या चालीला काय करणार?” मुलगा बँकेत होता. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, “सुखरूप पोचल्याची तार करीन.” पाहुणे गेल्यावर अप्पांनी आईला निकाल सांगितला, “पोरगं गुणाचं हाय, पण वसाहतीच्या उपेगाचं न्हाय.”

सगळा जीव त्यांचा सुरुवातीच्या चालींत. त्या चालींना त्यांनी आमच्या जिल्ह्यातल्या गावांची नावं दिली होती. मोडनिंबी सुरुवात म्हणजे मोकळ्या वाटेलगत उतरायचं. येणारा-जाणारा थांबतो, त्याला चहा लागतो, आणि गाव आपोआप होतं. मोहोळी सुरुवात म्हणजे आधी बाजार मांडायचा, माणसं मागून येतात. माळशिरशी म्हणजे आधी पाणी, पाण्याला लागून ऊस, आणि उसातून जागा उरली तर घरं.

“परग्रहावर ऊस?” माझ्या तोंडून निघून गेलं होतं.

“पाणी आलं की ऊस आलाच. मान्साचा सोभावच हाय त्यो.”

खेळ रविवारचा. अशाच एका रविवारी मी बराच वेळ धीर गोळा करून म्हणाले, “अप्पा, तिथे हवा नसते.”

“हाय म्हनून धर की! तुमच्या साळंत गणितात एक्स धरत्यात. मी हवा धरली.”

यावर कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीने काय बोलायचं? तशीही मी गप्पच असायची. वर्गात उत्तर येत असूनही माझा हात कधी वर गेला नाही. घरी पाहुणे आले की मी कपड्यांच्या घड्या घालायला आत जायची. अप्पा मला नावाने हाक मारत नसत. “काय कॉन्व्हेंट, उतरतीस का?” असं जिन्यातून ओरडत. मी जाऊन समोर बसायची, खूप वेळ कागदाकडे बघायची आणि एक बटण ठेवायची. ते मांडीवर थाप मारून म्हणत, “हां! बोलली!” मला ते फार आवडायचं. इतरांना मी काही बोलत नाही असं वाटायचं. अप्पांना मी रविवारभर बोलते असं वाटायचं.

या खेळाची सगळ्यांत विचित्र गोष्ट सांगायची राहिली. तो कधी संपायचाच नाही, कारण तो कधी पुढेच जायचा नाही. पाणी लागलं, निवारे झाले, बटणं बसली की अप्पा मागे रेलून कागदाकडे बघत आणि म्हणत, “बसलं गाव.” मग दोन्ही हातांनी बटणं गोळा करून डब्यात. परत नवं यान, नवी जागा, नवी पहिली चाल.

“पण जिंकलं कोण?” असं सुरुवातीला मी विचारलं होतं.

“जिंकायचं काय त्यात? हितनं म्होरं नगरपालिका. गटारी, निवडणुका, मारामाऱ्या. ते हाय की खाली, ते कशाला खेळायचं?”

काकू अक्कलकोटच्या. त्यांना या खेळाचा मनस्वी कंटाळा. कागद पसरला की त्या “साकु, साकु” म्हणजे पुरे, पुरे असं कानडीत पुटपुटत आणि भांडी जरा जास्तच जोरात ठेवत. “पोरीला बसवून ठिवत्यात. तिचं लग्न ग्रहावर लावनार हैत व्हय?” असं त्या मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत. मला वाईट वाटत नसे. दोन माणसांच्या खेळात तिसऱ्याने वैतागावं यात एक सुख असतं, ते मला मिळत होतं.

मग विमल आली.

अप्पांच्या धाकट्या भावाची मुलगी. करमाळ्याच्या बाजूचं, भीमेकाठचं गाव. “घराचं काम चाललंय तिकडं, तवर हितं ऱ्हाईल,” एवढंच काकूंनी सांगितलं. माझ्याच वयाची. सावळी, उंच, मोठ्याने हसणारी. नळावर पहिल्याच दिवशी तिने गल्लीतल्या निम्म्या बायकांची नावं पाठ केली. मी तिथे जन्मापासून राहत होते आणि मला त्यातल्या कित्येकींची माहीत नव्हती.

पहिल्या रविवारी ती माझ्या जागेवर बसली. ती माझी जागा आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी तर सांगणं शक्यच नव्हतं. मी खिडकीशी बसले. तिने कांडी उचलली, काही विचार न करता निळ्या तुकड्याच्या कडेला आडवीतिडवी टेकवली आणि डब्यातली बटणं भराभर ठेवत सुटली. “ही हितं. ह्यो हिच्या दारात. ही लांब, हिचं तोंड लई हाय. ह्यो कडंला, ह्येला खोकला.” तिचा एक निवारा अर्धा खड्ड्यात होता. बटणं एकमेकांना चिकटलेली, मध्ये बोळ. पाण्यापासून निम्मी माणसं लांब. मी असं काही केलं असतं तर अप्पांनी तिथल्या तिथे दाखवून दिलं असतं.

अप्पा हसत होते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “आगदी बरोबर! आगदी बरोबर, इमले! आन् ह्यो?”

“त्यो वट्यावर. दुसरं कुटं जातोय त्यो!”

काकूही भांडी टाकून आल्या. कागदाच्या कडेला बसून शेंगा सोलता सोलता त्याही बोटाने दाखवू लागल्या, “आगं, ही न्हाय हितं, तिच्या अल्याड.” तिघं एकदम कशाला तरी हसली. मी कुणाकडे तरी बघितलं असावं, कारण काकू म्हणाल्या, “तुला न्हाय कळायचं गं. गावाकडचं हाय.”

मी पण हसले. हसताना गाल दुखतात हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर मला विमलची प्रत्येक गोष्ट दिसू लागली. तिच्या वेण्या कशा पाठीवर आपटतात. काकू तिला भाकरीचा पापुद्रा कसा वेगळा काढून देतात. ती अप्पांना मधेच तोडून बोलते तरी त्यांना कसं चालतं. मला ‘कॉन्व्हेंट’ आणि तिला ‘इमले’. मला मांडीवरची थाप, तिला डोळ्यांतलं पाणी. दोन वर्षं मी त्या ग्रहावर पाणी शोधत होते; बर्फाच्या किती जवळ जावं, उन्हाच्या कोणत्या अंगाला निवारा घ्यावा, याची माझी माझी गणितं होती. विमलने एकही नियम विचारला नव्हता. आणि तरी त्या दिवशी, जिन्यात, चटणीची वाटी हातात असताना, मी ते वाक्य ऐकलं.

ते मला कधी म्हणाले नव्हते.

मी कॉलेजच्या लायब्ररीतून ग्रहांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. उरलेला आठवडा वाचून काढला. चौकटीचा कागद घेऊन घरात दार लावून उतरायचा सराव केला. आईला वाटलं, परीक्षा जवळ आली. मी असं उतरणार होते, की विमलने पुन्हा कांडीला हात लावू नये.

रविवारी वर गेले आणि माझ्या जागेवर जाऊन बसले. विमल निमूट बाजूला सरकली. तेही मला लागलं, तिला इतकं सोपं का जावं?

माझं यान सपाट करड्या जमिनीवर उतरलं, निळ्यापासून बेताच्या अंतरावर. निवारे सरळ रेषेत. प्रत्येकाला सारखं ऊन. प्रत्येक माणूस पाण्यापासून सारखाच दूर. दोन रांगांमध्ये रुंद रस्ता, पुढे वसाहत वाढवायला जागा. एकही खड्डा नाही, एकही बोळ नाही. शेवटचं बटण ठेवून मी हात मांडीवर घेतले आणि “हां! बोलली!” याची वाट बघत बसले.

विमल शेंग चावता चावता थांबली.

“हे काय हाय?” अप्पा म्हणाले.

मी पुस्तकातलं काही सांगायला तोंड उघडलं. शब्द इंग्रजीतच येऊ लागले म्हणून मिटलं.

“रांगा हैत ह्या,” अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज मोठा नव्हता. “मान्सं हैत का पोती? ह्यो हितनं हाक मारंल ती कुणाला ऐकू जाईल?” आणि त्यांनी तळहाताने सगळी वसाहत एका फटक्यात पुसली. बटणं फरशीवर घरंगळत गेली. एक माझ्या पायाशी येऊन गोल फिरत राहिलं. “बसलं गाव” ते म्हणाले नाहीत.

मी खाली आले. त्यानंतरच्या रविवारी जिन्यातून हाक आली, “काय कॉन्व्हेंट?” आईने मला बोलावलं. डोकं दुखतंय, मी म्हटलं. पुढच्या रविवारी पण दुखत होतं. त्याच्या पुढच्या रविवारी हाक आली नाही, आणि मग मात्र खरंच दुखलं.

विमलनेच मला गाठलं. नळाला पाणी यायचं होतं, आम्ही दोघीच बादल्या लावून उभ्या होतो.

“वर येत न्हाईस. रागावलीस व्हय?”

मी मान हलवली. कसाही अर्थ लावावा अशी.

“तुझ्यावर न्हाईत गं रागावले आप्पा. आमचं नवं गावठाण बघून आलेत ते. त्येबी तसंच हाय. तू मांडलंस तसंच. सरळ रांगा, मोठाले रस्ते. चिठ्ठ्या टाकून प्लाट वाटले. गोदाआत्या आमच्या भितीला भीत लावून ऱ्हायची. ती गेली पार त्या टोकाला. आता मीठ मागायचं म्हंजी चप्पल घालून जायचं.”

“आणि जुनं?” मी विचारलं.

“धरणात.” तिने नळाखालची बादली उगाचच सरळ केली. “उजनीचं पाणी चढतंय की. औंदा देवळाच्या पायऱ्यांला लागलं. म्होरल्या साली काय दिसंल म्हाईत न्हाय.”

धरणाबद्दल मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. इंग्रजी वर्तमानपत्रात. किती जमीन भिजणार वगैरे. त्या पाण्याखाली अप्पा असतील हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दोन वर्षं समोर बसून मी त्यांना हवेबद्दल विचारलं, बर्फाबद्दल विचारलं. तुमचं गाव कुठलं, हे विचारलं नाही.

“मग तू खेळायचीस ते...”

“मी कुटं खेळत हुते?” विमल हसली. “मला न्हाय येत त्यो खेळ. गावात व्हतं तसं ठिवत हुते.”

नळ सुरू झाला. ती बादली भरून वर गेली. मी रिकाम्या बादलीजवळ उभी राहिले. माझं मन निवळलं असेल असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. उलट, तोवर मला फक्त विमलचा हेवा वाटत होता. आता पाण्यात चाललेल्या एका गावाचा वाटू लागला. आमच्या घरात मीठ मागायला कुणी येत नव्हतं आणि आम्ही कुणाकडे जात नव्हतो. माझं सगळं जग कागदावर मांडलं असतं तर ते त्या दोन सरळ रांगांसारखंच दिसलं असतं. आणि ते बुडालं असतं तर कोण कुठे बसायचं हे न बघता सांगणारं कुणी नव्हतं.

नव्या घरावर पत्रे पडले आणि विमल गेली. जाताना माझ्या गळ्यात पडली. मला गळ्यात पडलेल्या माणसाचं काय करायचं ते येत नाही. मी तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं, घोड्याला थोपटतात तसं.

मग काकू खाली आल्या. कधी नव्हे त्या आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि आईशी शेंगांच्या भावाबद्दल बोलल्या. उठताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “येत जा की गं वर. ते खूळ तेवढं परत चालू कर बाई.”

“तुम्हाला तर आवडत नाही ना ते?” आई म्हणाली.

“न्हाईच आवडत. पर कागद पसरत्यात आन् नुसतं बघत बसत्यात. मी म्हनलं, मी बसते समोर. तर म्हनले, तुला बटनं दिसत्यात, मान्सं दिसत न्हाईत.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “चाळीस वर्सं भाकरी खाल्ली माझ्या हातची.”

म्हणजे हेवा वाटणारी त्या घरात मी एकटीच नव्हते.

दुपारी मी वर गेले. दार उघडंच होतं. या वेळी आत गेले. अप्पा जमिनीवर बसले होते, समोर ग्रह पसरलेला, हातात कांडी. त्यांनी बराच वेळ ती हातातच धरलेली असावी. कागदावर एकही बटण नव्हतं.

“आलीस व्हय,” ते म्हणाले. “बस.”

मी माझ्या जागेवर बसले. त्यांनी कांडी माझ्यापुढे केली.

“पयली चाल तुझी. मोडनिंबी घी न्हाय तर मोहोळी. न्हाय तर तुझ्या पुस्तकातली घी. मी काय बोलनार न्हाय.” मग कागदाकडेच बघत, “त्या दिशी मी उगं हात फिरवला. चांगलं मांडलं हुतंस. सगळ्यांस्नी पानी हुतं.”

मी डबा उघडला. त्यातली बटणं दोन वर्षं माझ्या बोटांखालून गेली होती: पितळेचं, कडा उडालेलं, कोटाचं मोठं काळं. मी त्यांना पाण्यापासूनच्या अंतराने ओळखत होते. विमल असती तर तिला काही विचारावं लागलं नसतं, हे मला माहीत होतं, आणि ते माहीत असणं अजूनही टोचत होतं.

मी काळं बटण उचललं आणि निळ्याच्या काठाशी ठेवलं. अप्पांनी मांडीवर थाप मारली नाही. ते वाट बघत होते. आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला होता.

“हे तुम्ही,” मी म्हणाले. “अप्पा, तुमच्या शेजारी कोण राहायचं?”